चार स्क्रू आणि आजीची सीट: कॅम्पर व्हॅनच्या भिंतीला जड वस्तू लावायची तर

ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा लोकलमध्ये रेंज नाही, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतोय. बोलताना काही आकडे मी घाईत सांगून टाकले होते, ते इथे नीट मांडलेत. आणि हो, ऑडिओत मागे जी खटखट ऐकू येते तो माइकचा दोष नाही. आमच्या गल्लीत यंत्रमाग आहेत. भिवंडीत रेकॉर्डिंग करायचं म्हटलं की ते फुकटचं पार्श्वसंगीत. आज मात्र त्या मागांचा विषयाशी खरंच संबंध आहे, तो पुढे येईल.

विषय साधा वाटतो. गाडीच्या आतल्या भिंतीला जड वस्तू कशी लावायची? इन्व्हर्टर, मायक्रोवेव्ह, टीव्ही, भांड्यांचं कपाट, काहीही. घरात आपण काय करतो? ड्रिल, रावळप्लग, स्क्रू, झालं. गाडीतही मी तेच केलं होतं. मी बीटेक आहे, दिवसभर कोड लिहितो, आणि माझा असा समज होता की चार स्क्रूंचं गणित मला येतं.

झालं असं. माझ्या काकांनी एक जुनी कॅम्पर व्हॅन घेतली. ट्रॅव्हलरच्या बॉडीवर बनवलेली, आरसीवर आधीपासूनच कॅम्पर म्हणून नोंद असलेली. आत बेड, छोटं किचन, मागे बसायला दोन सीट. वायरिंगचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात 'कॉम्प्युटरवाला' मीच. १२ किलोचा इन्व्हर्टर मी डाव्या बाजूच्या भिंतीवर, मागच्या सीटच्या वर, साधारण डोक्याच्या उंचीला लावला. चार सेल्फ-टॅपिंग स्क्रू. पाकिटावर लिहिलं होतं, एक स्क्रू ५० किलो पेलतो. चार पन्नास दोनशे, वजन बारा. सोळा पट सेफ्टी! मी त्या रात्री शांत झोपलो.

पहिली ट्रिप इगतपुरीची. जाताना कसारा घाट चढलो, काही नाही. येताना शहापूरच्या अलीकडे आजी म्हणाली, "अरे, तुझं ते खोकं वाजतंय बघ." मी म्हटलं, "आजी, गाडी जुनी आहे, सगळंच वाजतं," आणि गाण्याचा आवाज वाढवला. शहापूरला चहाला थांबलो तेव्हा तिला मागे बसून ढवळायला लागलं होतं, म्हणून ती पुढे काकांच्या शेजारी जाऊन बसली. तिथून पडघ्यापर्यंत पोचायच्या आत एका खड्ड्यात गाडी आपटली आणि मागे धाडकन आवाज झाला. इन्व्हर्टर सीटवर पडला होता. तिच्या सीटवर. कोपऱ्याने रेक्झिन फाटून आतला फोम बाहेर आला होता.

कोणी काही बोललं नाही. काकांनी गाडी बाजूला घेतली, इन्व्हर्टर खाली ठेवला, बेडच्या पट्ट्याने बांधला आणि आम्ही घरी आलो. तेव्हापासून मी हे गणित पुन्हा पहिल्यापासून शिकलोय.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका. गाडीची भिंत ही भिंत नाहीच. घराची भिंत म्हणजे सहा-नऊ इंच वीट-सिमेंट. गाडीची भिंत म्हणजे बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, मध्ये पोकळी, आणि ठरावीक अंतरावर उभ्या-आडव्या घडी घातलेल्या पत्र्याच्या बरगड्या. त्यावर शोभेला प्लाय किंवा पॅनेल. आमच्या गाडीतला आतला पत्रा मी नंतर व्हर्नियरने मोजला: ०.८ मिलिमीटर. म्हणजे तुमच्या फोनच्या जाडीच्या दहाव्या भागाइतका.

आता स्क्रू बघा. मी वापरलेला ४.८ मिलिमीटरचा सेल्फ-टॅपिंग स्क्रू. त्याच्या एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर असतं १.६ मिलिमीटर. पत्रा ०.८. म्हणजे पत्र्याने स्क्रूचा अख्खा एक आटासुद्धा पकडलेला नसतो. अर्धा आटा! पाकिटावरचे ५० किलो होते जाड लाकडात आरपार गेलेल्या स्क्रूसाठी, तेही लाकडाला समांतर ओढलं तर. माझ्या भिंतीचा त्या आकड्याशी काही संबंधच नव्हता.

तरीही, प्रामाणिकपणे सांगायचं तर, कागदावर नवा स्क्रू तेवढ्या पत्र्यातूनही सहज उपटून येत नाही. हिशेब केला तर सरळ ओढून काढायला साधारण १०० किलोच्या आसपास ताण लागतो. मग १२ किलोचा डबा पडला कसा? इथेच माझी खरी चूक होती, आणि तीच बहुतेक जण करतात. आपण 'किती वजन' विचारतो. विचारायला हवं, 'वजन कुठे आहे, कुठल्या दिशेने ओढतंय आणि किती वेळा.'

'कुठे' पासून सुरू करू. इन्व्हर्टर भिंतीला चिकटलेला कागद नाही, तो २५ सेंटिमीटर बाहेर येतो. त्याचं वजन भिंतीपासून साधारण १३ सेंटिमीटरवर एकवटलंय असं धरा. वरच्या आणि खालच्या स्क्रूमध्ये अंतर २० सेंटिमीटर. आता हा डबा खाली फक्त लोंबकळत नाही, तो पुढे झुकायला बघतो. खालची कड भिंतीला टेकते आणि वरचे स्क्रू भिंतीतून बाहेर ओढले जातात. किती? वजन गुणिले बाहेरचं अंतर, भागिले स्क्रूमधलं उभं अंतर. १२ गुणिले १३ भागिले २० म्हणजे ७.८ किलो. गाडी उभी असताना. ठीक आहे, काहीच नाही.

पण हेच सूत्र टीव्हीला लावा. ३२ इंची टीव्ही, धरा ५ किलो. भिंतीलगत सपाट ब्रॅकेटवर लावला तर वजन भिंतीपासून ४ सेंटिमीटरवर, ब्रॅकेटची उंची १५, म्हणजे वरच्या स्क्रूंवर सव्वा-दीड किलो. तोच टीव्ही बाहेर ओढता येणाऱ्या हातावर ४० सेंटिमीटर पुढे आणला की १३ किलो. वजन तेच, ओढ दहापट. गाडी चालू असताना तो हात उघडा राहिला तर टीव्ही तरफेसारखा भिंत उचकटत बसतो. त्यामुळे गाडीत फिरता हात घ्यायचाच असेल तर बंद स्थितीत लॉक होणारा घ्या. नुसत्या घर्षणावर थांबणारा नको. माझं मत विचाराल तर फिरता हात नकोच, उशी सरकवून बसा.

आता दिशा. घरात वजन एकाच दिशेला, खाली. गाडीत चारही बाजूंना, आणि वरही. चांगला ब्रेक मारला तर वस्तूला तिच्या वजनाच्या ७०-८० टक्के ओढ पुढच्या दिशेने बसते. वळणावर बाजूने. खड्ड्यात गाडी आधी खाली जाते तेव्हा वस्तू क्षणभर हलकी होते, मग चाक आपटलं की दुप्पट-तिप्पट जड. १२ चे ३६ झाले, तर वरच्या स्क्रूंवर २३ किलो. तरी १०० च्या आतच.

म्हणून तिसरा प्रश्न महत्त्वाचा: किती वेळा? गाडीची चाकं खराब रस्त्यावर सेकंदाला साधारण दहा-पंधरा वेळा थरथरतात. दहाच धरा. पाच तासांच्या प्रवासात किती झाले? १० गुणिले ३६०० गुणिले ५, म्हणजे १ लाख ८० हजार झटके. एकेक झटका छोटा, पण प्रत्येक झटक्यात त्या अर्ध्या आट्याने पत्रा एक कणभर कुरतडला. भोक गोल होतं ते लांबट झालं. लांबट झालं की स्क्रू हलायला लागला, हलायला लागला की आवाज यायला लागला. आजीला ऐकू आलं ते हेच होतं. त्या क्षणी डबा अजून पडलेला नव्हता. त्याने आधी कळवलं होतं, आणि मी गाणं मोठं केलं.

दुसऱ्या दिवशी मी गाडी आमच्याकडच्या एका चाचांकडे नेली. ते टेम्पो-ट्रकच्या बॉड्यांचं काम करतात, त्याआधी कित्येक वर्षं यंत्रमागांची देखभाल करायचे. त्यांनी भोकं पाहिली, बोटाच्या पेराने प्लायवर टकटक केलं, मग खिशातून एक जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काढून भिंतीवर फिरवलं. जिथे चुंबक घट्ट ओढलं जातं तिथे खडूने रेघ. पाच मिनिटांत भिंतीचा सांगाडा उभा राहिला. माझ्या चार स्क्रूंपैकी बरगडीवर एकच होता, तोही कडेला. चाचा म्हणाले, "बेटा, कील चमडी में मारी है, हड्डी में नहीं."

तर पहिलं काम: बरगड्या शोधा. पॅनेल पातळ असेल तर चांगलं निओडिमियमचं चुंबक पुरतं. जाड प्लाय असेल तर टकटक करा. पोकळ आणि भरीव आवाजातला फरक दोन मिनिटांत कळायला लागतो. खात्री नसेल तर सरळ पॅनेल उघडा. मी आता उघडतोच. कारण बरगडीच्या पोकळीतूनच वायरिंगचे गुच्छ जातात. ड्रिलच्या पात्यावर हव्या त्या खोलीला चिकटपट्टी गुंडाळून ठेवा म्हणजे पातं आत किती जातंय ते कळतं. नाहीतर बाहेरचा पत्रा भोसकून गाडीला तिसरा डोळा फुटतो.

पण बरगडी सापडली म्हणून काम झालं असंही नाही. तीही घडी घातलेला पत्राच आहे, फक्त घडीमुळे ताठ आहे. तिथे सेल्फ-टॅपिंग मारला तर एक-दीड मिलिमीटरची पकड, म्हणजे जेमतेम एक आटा. खरा उपाय म्हणजे वस्तूचं ओझं एका भोकावर येऊच न देणं.

सगळ्यात मजबूत पद्धत आरपार बोल्टची. बरगडीला भोक, बोल्ट आरपार, मागून जाड लोखंडी पट्टी आणि मग नट. मागची पट्टी हीच खरी गंमत आहे. एम-८ मापाचा, ८.८ ग्रेडचा बोल्ट घ्या (डोक्यावर ८.८ कोरलेलं असतं). तो कायमचा न ताणता साधारण दोन टन ओढ झेलतो. बोल्ट कधीच तुटत नाही, पत्रा फाटतो. नुसता वॉशर लावला तर ओढ रुपयाएवढ्या जागेत येते. ३ मिलिमीटर जाड आणि तळहाताएवढी पट्टी लावली की तीच ओढ दहापट जागेवर पसरते. बरगडीचं पोट चिरडू नये म्हणून बोल्टभोवती आत नळीचा तुकडा घालतात. चाचांनी तो न विचारता घातला, मला नंतर ड्रॉइंग काढल्यावर कळलं की का.

मागे हात पोचत नसेल, आणि गाडीत बहुतेक ठिकाणी पोचत नाहीच, तर रिव्हनट. पॉप रिव्हेटचाच भाऊ, फक्त आतून आटे असलेला. भोकात घालायचा, हत्याराने ओढायचा, मागच्या बाजूला तो फुगतो आणि पत्र्याला दोन्हीकडून धरतो. आता बोल्टला अर्ध्या आट्याऐवजी पाच-सहा आटे मिळतात. भोकाचं माप मात्र तंतोतंत हवं. अर्धा मिलिमीटर मोठं झालं की रिव्हनट जागच्या जागी फिरत बसतो, आणि मग तो ना घट्ट होतो ना निघतो. माझे पहिले तीन असेच वाया गेले. ॲल्युमिनियमचे स्वस्त असतात, जड कामाला पोलादीच घ्या.

आणि वस्तू थेट बरगडीला लावू नका. तुमच्या इन्व्हर्टरची भोकं आणि गाडीच्या बरगड्या यांचं माप कधीच जुळत नाही. म्हणून दोन किंवा तीन बरगड्यांवर आडवा सी-चॅनल किंवा ॲल्युमिनियमचं प्रोफाइल टाका आणि वस्तू त्या चॅनलला लावा. सॉफ्टवेअरवाल्यांना सांगायचं तर हा ॲडॅप्टर लेयर आहे. उद्या इन्व्हर्टर बदलला तरी गाडीला नवं भोक नाही. असे दोन चॅनल, एक वर एक खाली, जितके लांब ठेवाल तितकी वरच्या बोल्टवरची ओढ कमी. मघाचं सूत्र आठवा, खाली भागायला उभं अंतर आहे. २० चे ४० सेंटिमीटर केले की ओढ निम्मी. पैसे शून्य.

आता त्या यंत्रमागांकडे येतो. चाचांनी नट घट्ट केला, मग दुसरा नट त्यावर, आणि पांढऱ्या रंगाची एक रेघ मारली, नटवरून खाली पट्टीपर्यंत. मी विचारलं हे काय. म्हणाले, मागावर असंच करतात. माग दिवसरात्र आपटत असतो, नट ढिले होणारच. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. पाना लावून बघायची गरज नाही, येता-जाता नजर टाकायची.

घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की यामागे चांगलं संशोधन आहे. गेरहार्ड युंकर नावाच्या जर्मन इंजिनिअरने १९६९ मध्ये दाखवून दिलं की बोल्ट ढिला होतो तो मुख्यतः आडव्या थरथरीने. दोन पत्रे एकमेकांवर किंचित घसरले की आट्यांमधलं घर्षण क्षणभर सुटतं आणि नट स्वतःच उलटा फिरायला लागतो. त्याच्या पद्धतीची यंत्रं आजही बोल्ट तपासायला वापरतात. त्या चाचणीत आपला लाडका स्प्रिंग वॉशर काही फार उपयोगी ठरत नाही. हे ऐकून मला धक्काच बसला, कारण माझ्या डब्यात दोनशे पडलेत. नायलॉन रिंगवाला नट बरा: तो ढिला झाला तरी गळून पडत नाही. पण खरा बचाव म्हणजे बोल्ट पुरेसा ताणून बसवणं, म्हणजे पत्रे घसरणारच नाहीत. एम-६ ला साधारण १० न्यूटन-मीटर, एम-८ ला २५, हे ८.८ ग्रेडच्या आरपार बोल्टसाठी. रिव्हनटमध्ये एवढं आवळलं तर तो फिरेल, तिथे कंपनीने दिलेला आकडा पाळा आणि थ्रेडलॉकचा एक थेंब टाका. आणि मध्ये प्लाय किंवा रबर दाबून ठेवू नका. ते हळूहळू दबतं आणि ताण निघून जातो. माझ्या जोडणीत सहा मिलिमीटरचा प्लाय मध्येच होता, म्हणजे मी स्वतःच ढिला व्हायची सोय करून ठेवली होती.

भोक पाडल्यावर आणखी एक काम असतं, ते कंटाळवाणं आहे म्हणून सगळे टाळतात. भोकाच्या कडेला उघडं लोखंड असतं. आपल्याकडे खाडीची हवा, चार महिने पाऊस. कडेला झिंक प्रायमर लावा, बोल्टखाली सीलंट घाला, आणि ड्रिलचा बुरादा चुंबकाने किंवा व्हॅक्यूमने काढा. तो बुरादा बरगडीच्या तळाशी साचून गंजतो, पाणी निघून जायची भोकं बुजवतो, आणि दोन पावसाळ्यांनी तुमची मजबूत बरगडी भज्यासारखी खुसखुशीत होते.

इथपर्यंत सगळं रोजच्या प्रवासाचं झालं. अपघाताचं गणित वेगळं, आणि तिथे मी जास्त वेळ थांबणार आहे.

ताशी ६० च्या वेगाने जाणारी गाडी कशावर तरी आदळली आणि तिचं तोंड ७० सेंटिमीटर चेपून ती थांबली असं धरा. हिशेब केला तर आतल्या प्रत्येक वस्तूवर गुरुत्वाकर्षणाच्या वीसपट जोर येतो. १२ किलोचा इन्व्हर्टर तेवढ्या क्षणापुरता २४० किलोचा. सुटला तर तो ६० च्या वेगाने पुढे येतो. १४ मीटर उंचीवरून, म्हणजे जवळपास पाचव्या मजल्यावरून टाकलेल्या वस्तूचा वेग तोच. सीटबेल्ट लावलेला माणूस अपघातातून वाचतो आणि मागून आलेल्या मायक्रोवेव्हने जातो, असा हा प्रकार.

मग भिंतीवरची वस्तू किती जोराला टिकायला हवी? याचं उत्तर ज्यांना रोज द्यावं लागतं ते रुग्णवाहिका बनवणारे. आपल्या १०८ च्या गाडीत डोकावून बघा, ऑक्सिजन सिलिंडर, मॉनिटर, सक्शन मशीन, सगळं भिंतीवर, आणि समोर माणूस झोपलेला. युरोपात रुग्णवाहिकांसाठी ईएन १७८९ नावाचं मानक आहे. त्यात उपकरणांची पकड पुढे, मागे, आजूबाजूला आणि उभ्या दिशेत १० जी, म्हणजे वजनाच्या दहापट जोर झेलणारी असावी असं म्हटलंय. आपण घरगुती कामात तोच आकडा धरू. १२ किलोला १२०. १५ किलोच्या मायक्रोवेव्हला १५०. हा जोर प्रत्येक दिशेला स्वतंत्रपणे लावून वरचं सूत्र चालवा. भोकं लांबट झालेली माझी जुनी जोडणी या परीक्षेत टिकली नसती.

परीक्षा कशी घ्यायची? इथे भिवंडीचा फायदा. आमच्याकडे कापडाच्या गाठी तोलायला लटकते इलेक्ट्रॉनिक काटे असतात, एक मागून आणला. ब्रॅकेटला दोर, दोराला काटा, आणि काट्याला मी आणि माझा मित्र. वस्तू लावायच्या आधी रिकाम्या ब्रॅकेटला ओढायचं, वस्तूचं वजन जिथे येणार त्या अंतरावर दोर बांधून. १२० किलो दिसेपर्यंत. ओढताना दोराच्या रेषेत तोंड ठेवू नका, सुटलं तर काटा सरळ तुमच्याकडे येतो. नंतर रेघ बघायची, भोक बघायचं, पत्रा फुगलाय का बघायचं. पत्रा वाकला आणि परत आला तर एक वेळ चालेल. वाकलेला राहिला तर नापास.

हे सगळं शिकल्यावर मी इन्व्हर्टर परत भिंतीवर लावला का? नाही. आणि एवढं गणित सांगून झाल्यावर तुम्हाला हेच सांगायचंय की सगळ्यात चांगलं वॉल-माउंटिंग म्हणजे वॉल-माउंटिंग न करणं. आमचा इन्व्हर्टर आता बेडच्या खाली, फ्लोअरवर, चेसिसच्या आडव्या मेंबरला आरपार चार एम-८ बोल्टने बसवलाय. तिथे १३ सेंटिमीटरची तरफ नाही, डोक्याच्या उंचीवरून पडायचा प्रश्न नाही, आणि गाडीचं वजन खाली राहिल्याने वळणावर गाडीही कमी झुलते. फक्त हवा खेळायला बाजूला जाळी ठेवली. ट्यूबुलर बॅटरी असेल, ५०-६० किलोची, तर ती भिंतीवर लावायचा विचारही करू नका. लिथियमची १०० एएच बॅटरी १२-१३ किलोची असते म्हणून लोकांना मोह होतो. तिलाही फ्लोअरच.

मायक्रोवेव्ह फ्लोअरवर ठेवता येत नाही, मान्य. त्यासाठी मधला रस्ता: वजन भिंतीला पेलायला सांगू नका, फक्त धरायला सांगा. आम्ही कपाटाचे पाय थेट फ्लोअरपर्यंत नेले, मायक्रोवेव्ह त्यावर बसतो, आणि भिंतीवरचा चॅनल त्याला फक्त मागेपुढे होऊ देत नाही. वरून एक रॅचेट पट्टा. दिसायला रिक्षाच्या टपाला बांधलेल्या गादीसारखं दिसतं, काकूंनी नाक मुरडलं, पण राहिलंय.

भिंतीवर शेवटी उरलं काय? टीव्ही, मसाल्याचं छोटं कपाट, आणि अग्निशामक सिलिंडर. तेही प्रत्येकी दोन बरगड्यांवर.

एक कायद्याची गोष्ट, कारण या विषयावर बोललं की दोस्त लोक लगेच मारुती ईको घेऊन ग्राइंडर काढतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वरून सुप्रीम कोर्टाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सांगितलंय की कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येणार नाही. आत शेल्फ लावणं वेगळं, आणि सीट काढून, बॉडी कापून गाडीचा प्रकारच बदलणं वेगळं. मोटर कॅराव्हॅनसाठी आपल्याकडे एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे, आणि महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. म्हणजे कायदेशीर रस्ता आहे, तो आरटीओतून जातो. काहीही कापण्याआधी तिथे जा. आणि एक नियम कागदावर नसला तरी पाळा: बरगडी कापायची नाही, आणि सीटबेल्ट जिथे अडकवलेला असतो त्या खांबाला भोक पाडायचं नाही. तो खांब आधीच दुसऱ्या कुणाचं तरी ओझं धरून उभा आहे.

आता आमचा रिवाज असा आहे. निघायच्या आधी टॉर्च घेऊन सगळ्या पांढऱ्या रेघा बघायच्या, साधारण दोन मिनिटं. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर एकदा परत, कारण नवी जोडणी सुरुवातीलाच बसते आणि तेव्हाच ढिली होते. काकांनी हे काम आजीला देऊन टाकलंय. तिला नट-बोल्ट कळत नाहीत, पण कुठलं खोकं वाजतंय ते तिला माझ्याआधी ऐकू येतं. गेल्या महिन्यात मुरबाडच्या रस्त्याला तिने गाणं बंद करायला लावलं. टीव्हीच्या खालच्या डाव्या नटची रेघ तुटली होती, केसाएवढी.

तो नट आम्ही तिथेच रस्त्याच्या कडेला बदलला. मग ती मागच्या सीटवर जाऊन बसली.